आकडे, कोड आणि आलेख: संख्याशास्त्रीय विश्लेषणाची व्यवहारकौशल्ये

संख्याशास्त्रीय विश्लेषण करणाऱ्याला आज दोन गोष्टी हातात मुरलेल्या असाव्या लागतात: कोड लिहिणे आणि आलेख काढून ते वाचणे. पाठ्यपुस्तकांत या दोहोंना बहुधा शेवटचे प्रकरण किंवा परिशिष्ट मिळते. प्रत्यक्ष कामात मात्र सगळा वेळ तिथेच जातो. सर्वेक्षणाची फाइल उघडायची, रकान्यांचा अर्थ लावायचा, गाळलेल्या नोंदी शोधायच्या, दोन तक्ते जोडायचे, आलेख काढून संशयास्पद आकडे हुडकायचे आणि मग शेवटी टी-चाचणी किंवा रिग्रेशन. ती चाचणी एका ओळीत होते. तिच्या आधीच्या दीडदोनशे ओळींत निष्कर्षाचे भवितव्य बहुतेक ठरून गेलेले असते.

एक्सेल हाताशी असताना कोड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या शोधनिबंधाचे उदाहरण हटकून दिले जाते, पण अर्धवट दिले जाते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये असे मांडले की, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. खर्चकपातीच्या धोरणांना या आकड्याचा मोठा आधार मिळाला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन हा विद्यार्थी आणि मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन हे प्राध्यापक यांनी मूळ एक्सेल फाइल तपासली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच ओळी सुटल्याचे आढळले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश हिशेबातच आले नव्हते. सुधारित वाढ निघाली २.२ टक्के. किस्सा इथवरच सांगितला जातो. पण या फरकात सुटलेल्या ओळींचा वाटा लहानच होता. मोठा वाटा होता काही देशांची काही वर्षे वगळण्याचा आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीचा. एखाद्या देशाचे एकच वर्ष आणि दुसऱ्याची एकोणीस वर्षे यांना तिथे सारखेच वजन मिळाले होते. हे निर्णय होते, टंकनचुका नव्हत्या. ते चौकोनांत दडून राहिल्यामुळे तीन वर्षे कोणाला दिसले नाहीत. कोडमध्ये हाच निर्णय एका ओळीत उघडा लिहावा लागतो, आणि वाचणारा त्या ओळीवर बोट ठेवू शकतो. कोडचा वेग हा त्याचा दुय्यम गुण आहे.

एक्सेलच्या बाकीच्या खोड्या अधिक ढोबळ आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि मर्यादा ओलांडल्यावर उरलेल्या ओळी मुकाट गळतात. जनुकशास्त्रात तर ‘सेप्ट-१’ किंवा ‘मार्च-१’ अशा नावांची जनुके एक्सेल आपण होऊन तारखांमध्ये बदलत असे. २०१६ मधल्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. एका कचेरी सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने घेतलेली ही माघार म्हणावी लागेल. तरी तक्त्याच्या सॉफ्टवेअरला मोडीत काढण्याचे कारण नाही. नोंदी भरायला आणि नुसत्या चाळायला ते उत्तम आहे. शिस्त एवढीच पाळावी की मूळ फाइलला हात लावायचा नाही आणि प्रत्येक बदल कोडमधून करायचा.

कोडसाठी भाषा कोणती, यावर वाद बराच चालतो आणि त्यातून निष्पन्न फारसे होत नाही. एसपीएसएस, एसएएस आणि स्टाटा ही विकतची सॉफ्टवेअर १९६० ते १९८० च्या दशकांतली. सरकारी आणि औषधउद्योगातल्या कामात ती अजून पाय रोवून आहेत. मुक्त भाषांत ‘आर’ आणि पायथन या दोघींचे राज्य आहे. ‘आर’चे मूळ बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘एस’ भाषेत आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिचे मुक्त रूप घडवले, आणि १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. पायथन १९९१ ची, सर्वसाधारण कामांसाठीची भाषा. संख्याशास्त्र तिच्यात मागाहून आले: जॉन हंटर यांची मॅटप्लॉटलिब २००३ च्या सुमारास, नमपाय २००६ मध्ये, आणि वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेली पांडास. ‘आर’ संख्याशास्त्रज्ञांनी आपल्यासाठी बनवली, पायथन प्रोग्रामरांनी. दोघींचे गुणदोष बरेचसे या एका गोष्टीतून निघतात.

नवख्याला भाषेच्या व्याकरणापेक्षा तिची गृहीते जास्त नडतात. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ संख्यांचे प्रमाण विचलन ‘आर’ २.१४ सांगते आणि नमपाय २ सांगते. चूक कोणाचीच नाही. ‘आर’ वर्गांची बेरीज सातने भागते, म्हणजे या संख्या नमुना आहेत असे मानते; नमपाय आठने भागते, म्हणजे हीच संपूर्ण समष्टी असे मानते. गंमत म्हणजे पांडास पायथनमध्येच राहून ‘आर’प्रमाणे सातने भागते. गहाळ नोंदींचेही तसेच. ‘आर’मध्ये रकान्यात एक जरी नोंद गहाळ असली तरी सरासरीचे उत्तर ‘एनए’ येते आणि काय करायचे ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते. पांडास गहाळ नोंदी गुपचूप वगळून उत्तर देते. सोय पांडासची आहे, पण शिकणाऱ्याच्या हिताची ‘आर’ची आडमुठी सवयच म्हटली पाहिजे, कारण किती नोंदी गहाळ आहेत आणि का, हा प्रश्न ती टाळू देत नाही. यादीतला पहिला घटक ‘आर’ एकपासून मोजते, पायथन शून्यापासून. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकी आहे का, असे विचारले तर दोन्ही भाषा ‘नाही’ म्हणतात. हे दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नाहीत म्हणून. समानतेच्या कसोटीवर ओळी गाळणाऱ्या कोडमध्ये ही गोष्ट हमखास दगा देते.

डेटा साफ करण्याचे काम कंटाळवाणे मानले जाते, आणि म्हणूनच त्यात सर्वांत जास्त चुका होतात. त्याला एक सैद्धांतिक चौकट हॅडली विकम यांनी २०१४ च्या एका निबंधात दिली. प्रत्येक चलाला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ, एवढेच तिचे सूत्र. जिल्हावार पावसाच्या तक्त्यात जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार रकाने असतील, तर ‘महिना’ हे चल रकान्यांच्या मथळ्यांत अडकलेले असते. तो तक्ता लांब करून जिल्हा, महिना, पाऊस असे तीन रकाने केले की महिन्यानुसार गट पाडणे, सरासरी काढणे आणि आलेख काढणे हे सगळे सारख्याच पद्धतीने होते. छापील तक्ता माणसाच्या डोळ्यासाठी रुंद असतो. विश्लेषणाला तो लांब लागतो. हे रूपांतर दोन्ही भाषांत एका आज्ञेचे आहे, पण ते केव्हा करायचे याची जाण सरावानेच येते.

भारतीय डेटाच्या स्वतःच्या तऱ्हा आहेत, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत त्या सापडत नाहीत. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ अशी स्वल्पविरामांसह छापली असेल, तर संगणक ती संख्या न मानता अक्षरे मानतो. ०५-०८-२०१९ ही तारीख पाच ऑगस्ट की आठ मे, हे फाइल कोणी बनवली यावर अवलंबून असते. देवनागरी अंकांत लिहिलेली ‘१२३’ पायथन बिनतक्रार संख्या म्हणून स्वीकारते. ‘आर’ तिला गहाळ ठरवते. खरी डोकेदुखी स्थलनामांची. औरंगाबाद नावाचा जिल्हा महाराष्ट्रात होता तसा बिहारमध्येही आहे. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात आपला रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ यांचे स्पेलिंग एकच आहे. राज्याचा रकाना न घेता नुसत्या जिल्ह्याच्या नावाने दोन तक्ते जोडले, तर त्या दोन जिल्ह्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि संगणक कसलीही तक्रार करत नाही. त्यात २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांची छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघाला, त्यामुळे २०११ च्या तक्त्यात तो नाहीच. ठाण्याचे त्या वर्षाचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तर जिल्हा अचानक आकसल्यासारखा दिसेल. नावांऐवजी सरकारी सांकेतिक क्रमांकांवर तक्ते जोडणे, आणि प्रत्येक जोडणीच्या आधी व नंतर ओळी मोजणे, या दोन सवयी अनेक महागड्या प्रशिक्षणांहून उपयोगी आहेत. जोडणीनंतर ओळी वाढल्या असतील तर कुठेतरी एकाच चावीला दोन नोंदी आहेत. घटल्या असतील तर कुठेतरी नाव जुळलेले नाही.

या साऱ्याची एकत्र परीक्षा पाहायची असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा घ्यावा. मुंबईच्या देवनार भागातील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून या सर्वेक्षणाचे काम पाहते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. या फाइलींमध्ये बालकाची वयानुसार उंची ‘झेड’ गुणांकात दिलेली असते, पण दशांशचिन्ह न लिहिता शंभरपट करून, उणे २.१५ हे उणे २१५ असे दिसते. मापन अशक्यप्राय किंवा सदोष वाटले तर त्या जागी ९९९६ ते ९९९८ असे संकेत टाकलेले असतात. संकेतपुस्तिका न वाचता कोणी थेट सरासरी काढली, तर आपली मुले जगात सर्वांत उंच निघतील. प्रत्येक ओळीला दिलेला नमुनाभार दहा लाखांनी भागून मगच वापरायचा असतो. भार सोडून दिले तर राज्याची टक्केवारी चुकते. एकाच वस्तीतून अनेक कुटुंबे निवडल्याची बाब दुर्लक्षित केली, तर टक्केवारी बरोबर येते आणि तिची प्रमाणत्रुटी चुकते, बहुधा कमी येते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुजेपणाचे प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होते आणि पाचव्या फेरीत ३५.२ टक्के आले. ही वाढ खरी की नमुन्याचा चढउतार, याचे उत्तर त्या प्रमाणत्रुटीत असते. वर्तमानपत्री मथळा ती विचारतही नाही. अशा गुंतागुंतीच्या नमुन्यांसाठी ‘आर’मधले थॉमस लम्ली यांचे ‘सर्वे’ पॅकेज अजूनही सर्वांत भरवशाचे आहे, आणि या एका क्षेत्रात पायथन मागे आहे.

साफ झालेला डेटा चाचणीकडे नेण्याआधी पाहावा, हा आग्रह जॉन टुकी यांचा. त्यांचे अन्वेषक विश्लेषणावरचे पुस्तक १९७७ चे. बॉक्स प्लॉट त्यातूनच सर्वदूर गेला. त्याआधी चार वर्षे फ्रँक अ‍ॅन्सकोम्ब यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच छापले होते. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, सहसंबंध गुणांक ०.८१६ आणि रिग्रेशनची रेषाही एकच. आलेखात मात्र पहिला साधा विखुरलेला कल, दुसरा स्वच्छ वक्र, तिसरा एका भरकटलेल्या बिंदूने वाकवलेली सरळ रेषा आणि चौथा एकाच बिंदूवर तोललेला. आकडा आणि आलेख यांच्यातला हा संबंध ज्याने स्वतः कोड लिहून पडताळला नाही, त्याला सहसंबंध गुणांक वापरायला देऊ नये. २०१७ मध्ये जस्टिन मटेयका आणि जॉर्ज फिट्झमॉरिस यांनी याच कल्पनेवर कडी केली: अल्बर्टो कैरो यांनी काढलेल्या डायनोसॉरच्या १४२ बिंदूंतून त्यांनी तारा, वर्तुळ, फुली असे बारा आकार घडवले, आणि सरासऱ्या व प्रमाण विचलने दोन दशांशांपर्यंत तीच ठेवली.

आलेखही फसवतो, ही दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेतील ओल्ड फेथफुल या उष्ण फवाऱ्याच्या २७२ उद्रेकांचा डेटा ‘आर’सोबत येतो. उद्रेक दोन प्रकारचे असतात, सुमारे दोन मिनिटांचे आणि सुमारे साडेचार मिनिटांचे. बॉक्स प्लॉट काढला तर ही दोन शिखरे पूर्ण गडप होतात. आयतालेख काढला तर शिखरे दिसतात, पण तीही वर्गांतराच्या मेहेरबानीने. मॅटप्लॉटलिब न विचारता दहा वर्ग पाडते, ‘आर’मधले आलेखांचे पॅकेज ‘जीजीप्लॉट-२’ तीस पाडते आणि वर्ग स्वतः ठरवा अशी सूचनाही छापते. ती सूचना बहुतेक जण वाचत नाहीत. एकाच डेटाचे तीन वेगवेगळ्या वर्गांतरांनी आयतालेख काढून पाहणे हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

गट लपल्यामुळे होणारी फसवणूक सर्वांत घातक. अंटार्क्टिकातील पामर केंद्राजवळच्या तीन बेटांवर क्रिस्टन गॉर्मन आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विनांचा संच आता जगभर शिकवण्यासाठी वापरला जातो. त्याने रोनाल्ड फिशर यांच्या १९३६ च्या आयरिस फुलांच्या संचाची जागा बरीचशी घेतली, याचे एक कारण असे की फिशर यांचा निबंध सुप्रजननशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला होता. पेंग्विनांच्या चोचीची लांबी आणि जाडी यांचा विकिरण आलेख काढला तर उतरती रेषा येते: चोच जितकी लांब तितकी बारीक. बिंदूंना प्रजातीनुसार रंग दिला की अडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू या तिन्ही गटांत रेषा चढती दिसते. हाच सिम्प्सनचा विरोधाभास. कोडमध्ये फरक आहे फक्त रंगाचा चल सांगणाऱ्या एका शब्दाचा. निष्कर्ष मात्र उलटा होतो. प्रजातीचा रकाना डेटात होता म्हणून हे उलगडले. तो रकाना मुळात नोंदलाच नसता तर कोणतेही सॉफ्टवेअर ही गोष्ट सांगू शकले नसते.

एका शब्दाने एवढे घडते, कारण आजची आलेखाची सॉफ्टवेअर एका विशिष्ट विचारावर उभी आहेत. लीलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांचे व्याकरण मांडले: स्तंभालेख, विकिरण आलेख, वर्तुळालेख हे वेगळे प्रकार न मानता, डेटातले चल दृश्य गुणांना कसे जोडले यावरून आलेख घडतो असे मानायचे. विकम यांचे ‘जीजीप्लॉट-२’ या विचारावर बेतलेले आहे. लांबी आडव्या अक्षावर, जाडी उभ्या अक्षावर, प्रजाती रंगात, आणि वर बिंदूंचा थर; हव्या तर रेषांचा आणखी एक थर. मॅटप्लॉटलिबची घडण वेगळी आहे; तिथे रेघ, बिंदू, अक्ष हे सगळे हाताने मांडावे लागते. तिच्यावर बांधलेली सीबॉर्न हे काम सोपे करते. छपाईसाठी बारकाईने सजवायचा एकच आलेख असेल तर मॅटप्लॉटलिबचे नियंत्रण कामी येते. विचार करत करत वीस आलेख काढायचे असतील तर व्याकरणाची वाट निःसंशय चांगली.

आलेख वाचताना माणसाचा डोळा कुठे चुकतो, याचा अभ्यास विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच अक्षावरची स्थाने डोळा सर्वांत अचूक तोलतो. त्याखालोखाल लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाची गडदता शेवटी. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ मध्ये रूढ केलेला वर्तुळालेख कोनांवर व क्षेत्रफळांवर चालतो, म्हणून २३ आणि २६ टक्क्यांतला फरक त्यात कळत नाही. स्तंभालेखात लांबी वाचली जाते, त्यामुळे त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा. रेषालेखाला ते बंधन नाही. दोन बाजूंना दोन वेगळे अक्ष लावलेला आलेख टाळावा, कारण मापे हवी तशी ताणून कोणत्याही दोन रेषा एकमेकींवर बसवता येतात. रंगांबाबत एक सुधारणा उल्लेखनीय आहे. इंद्रधनुषी ‘जेट’ रंगपट्टा अनेक वर्षे सर्रास चाले. त्यातला पिवळा पट्टा नसलेल्या सीमा दाखवतो आणि लाल-हिरव्यात गल्लत करणाऱ्यांना तो वाचता येत नाही. २०१७ मध्ये मॅटप्लॉटलिबने त्या जागी ‘व्हिरिडिस’ हा एकसमान उजळत जाणारा पट्टा आणला.

नकाशांची गोष्ट आणखी वेगळी. जिल्हावार रंगवलेल्या महाराष्ट्राच्या नकाशात १४,४१२ चौरस किलोमीटरचा गडचिरोली डोळ्यात भरतो आणि ४४६ चौरस किलोमीटरचा मुंबई उपनगर जिल्हा ठिपक्याएवढाही राहत नाही. २०११ मध्ये पहिल्याची लोकसंख्या सुमारे १०.७ लाख होती, दुसऱ्याची सुमारे ९३.६ लाख. नकाशा जमीन दाखवतो, माणसे दाखवत नाही. माणसांविषयी बोलायचे असेल तर जिल्ह्यांची क्रमवार बिंदुरेषा किंवा लोकसंख्येनुसार मोठी-लहान वर्तुळे बरी.

मराठीत आलेख छापणाऱ्याला आणखी एक अडथळा पार करावा लागतो. मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी फाँट निवडल्यावर चौकोन जातात, पण वेलांट्या भलत्या जागी बसतात आणि जोडाक्षरे फुटतात, कारण अक्षरजुळणीची गुंतागुंत या लायब्ररीने अनेक वर्षे हाताळलीच नाही. ‘आर’मध्ये ‘रॅग’ हे पॅकेज वापरले की ‘क्ष’, ‘र्‍हा’, ‘त्र्य’ व्यवस्थित उमटतात. मराठी मासिके आणि संस्था इंग्रजी मथळ्यांचे आलेख छापतात त्यामागे आळसाइतकेच हेही एक कारण असावे.

सुबक आलेखापेक्षा त्यात कोणता डेटा घेतला हे किती मोलाचे, ते चॅलेंजर यानाच्या अपघातात दिसले. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीत रबरी कड्या निकामी होतात का यावर चर्चा झाली. आधीच्या उड्डाणांपैकी कड्यांना इजा झालेली तेवढीच पाहिली तर तापमानाशी स्पष्ट संबंध दिसत नव्हता. इजा न झालेली उड्डाणे विचारात घेतली असती, तर ६५ अंश फॅरनहाइटखालच्या चारही उड्डाणांत इजा झाली होती आणि त्यावरच्या उड्डाणांत ती क्वचित होती, हे समोर आले असते. त्या सकाळचा अंदाज होता ३१ अंशांचा, म्हणजे गोठणबिंदूच्या किंचित खाली. कोडच्या भाषेत सांगायचे तर ओळी गाळणारी एक अट चुकली होती.

कोडमुळे संख्याशास्त्र शिकण्याची एक जुनी अडचणही दूर झाली आहे. सूत्राची सिद्धता न कळणाऱ्यालाही आता प्रयोग करता येतो. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या बूटस्ट्रॅप पद्धतीत मूळ नमुन्यातूनच, उचललेली नोंद परत ठेवत, हजारो नवे नमुने काढतात आणि उत्तर किती हलते ते पाहतात. मध्यकाची प्रमाणत्रुटी काढायला सूत्र आठवावे लागत नाही. पाचसहा ओळींचे चक्र पुरते. दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का, हे पाहायचे तर गटांची लेबले हजारदा पिसून तेवढा फरक किती वेळा येतो ते मोजावे; पी-मूल्य म्हणजे नेमके काय, हे यातून जितके कळते तितके तक्ते पाहून कळत नाही. निकाल छापताना अनिश्चितता दाखवणाऱ्या दांड्या मात्र नाव घालून काढाव्यात. प्रमाण विचलन, प्रमाणत्रुटी आणि ९५ टक्के विश्वासांतर यांच्या लांबीत कित्येक पटींचा फरक असतो.

आपलेच विश्लेषण सहा महिन्यांनी पुन्हा चालवता येणे ही शेवटची कसोटी, आणि तिच्यात बरेच जण नापास होतात. फाइलचा पत्ता स्वतःच्या संगणकापुरता लिहिलेला असतो, पॅकेजची आवृत्ती बदललेली असते. यादृच्छिक संख्यांचे बीज नोंदले तरी पुरत नाही: २०१९ मध्ये ‘आर’च्या ३.६ आवृत्तीने नमुना उचलण्याची रीत सुधारली, आणि त्याच बीजातून वेगळे नमुने येऊ लागले. म्हणून आवृत्त्याही नोंदाव्या लागतात. ज्युपिटर वह्यांचा धोका निराळा. त्यांत कोडचे तुकडे कोणत्याही क्रमाने चालवता येतात आणि पुसलेल्या तुकड्याने बनवलेले चल स्मृतीत तसेच राहते. त्यामुळे कागदावरच्या कोडमधून कागदावरचे उत्तर येईलच असे नाही. शोधाशोधीसाठी वही, अंतिम निकालासाठी वरून खाली एका दमात चालणारी स्क्रिप्ट, ही वाटणी योग्य. ‘आर’मधील निटर आणि २०२२ मध्ये आलेले क्वार्टो यांत लेख, कोड व आलेख एकाच फाइलमध्ये राहतात, आणि डेटा बदलला की अहवालातले आकडे आपोआप बदलतात. बदलांची नोंद ठेवणारे गिट शिकायला त्रासदायक आहे. एकट्यानेच काम करणाऱ्यालाही तो त्रास परवडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मागितल्याबरोबर कोड लिहून देतात, आणि तो बहुधा चालतोही. चालणारा कोड आणि बरोबर कोड यांतला फरक ओळखण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची फाइल दिल्यावर साधनाने ९९९८ चे संकेत वगळले की नाही, भार लावले की नाही, हे विचारायचे कसे, तेच ठाऊक नसेल तर वेगाचा उपयोग नाही.

शिकण्याचा क्रम म्हणून आलेख आधी, डेटाची जुळवाजुळव त्यानंतर, अनुकरणाचे प्रयोग मग आणि चाचण्या सर्वांत शेवटी, हा उलटा वाटणारा मार्ग अधिक टिकतो. सर्वेक्षणे, आरोग्य आणि सामाजिक शास्त्रे या क्षेत्रांत जाणाऱ्याने ‘आर’ घ्यावी. यंत्रशिक्षण किंवा सॉफ्टवेअरकडे ओढा असेल त्याने पायथन. दोन्ही एकाच वेळी सुरू करू नयेत. दोन्ही भाषांना पैसे पडत नाहीत, जनगणनेचे तक्ते खुले आहेत, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइली नोंदणी करून मिळतात, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनसह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत.